पहिल्या ऑफ-रोड रेससाठी बाईक घ्यायचीय? सीसी नंतर बघा, आधी ती उचलून बघा

जानेवारी २०२४. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे डोंगर रचले गेले, त्यावरून ४५० सीसीच्या बाईक्स हवेत उडाल्या आणि इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पार पडली. त्याच्या रील्स बघून अनेकांच्या डोक्यात एकच किडा वळवळला असेल, 'आपणही एकदा मातीत उतरायचं.'

मग शोध सुरू होतो बाईकचा. आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या प्रश्नापासून सुरू होतो. किती सीसी? किती पॉवर? टॉप स्पीड किती?

मातीत नवीन असलेला रायडर पहिल्या वर्षी टॉप स्पीडपर्यंत पोचतच नाही. तो पडतो. चढावर पडतो, वळणावर पडतो, कधी कधी तर उभ्या उभ्या पडतो. त्यामुळे पहिली बाईक निवडताना खरे प्रश्न दोनच. पडलेली बाईक तुम्ही एकट्याने किती वेळा उचलू शकता? आणि मोडलेला पार्ट किती पैशात, किती दिवसांत मिळतो? बाकीचं सगळं याच्या मागून येतं.

ट्रेल बाईक म्हणजे नेमकं काय?

मातीत चालणाऱ्या सगळ्याच गाड्यांना आपल्याकडे सरसकट 'डर्ट बाईक' म्हणतात. पण त्यात बरेच प्रकार आहेत.

मोटोक्रॉस बाईक ही फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी असते. तिला हेडलाईट नाही, इंडिकेटर नाही, नंबरप्लेट नाही. वजन अगदी कमी आणि सस्पेन्शन उड्या झेलण्यासाठी बनवलेलं. दुसऱ्या टोकाला ॲडव्हेंचर बाईक. लडाखला सामान लादून जायला उत्तम, पण चिखलात आडवी झाली की चार माणसं बोलवावी लागतात. ट्रेल बाईक या दोघींच्या मधली. रस्त्यावर पासिंग होतं, रोज ऑफिसला नेता येते, आणि रविवारी घाटातल्या कच्च्या वाटेवरही घालता येते. यामाहाने १९६८ साली डीटी-१ नावाची २५० सीसीची टू-स्ट्रोक बाईक आणली आणि हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला.

जाता जाता एक गल्लत दूर करू. 'ट्रेल' आणि 'ट्रायल' वेगळे. ट्रायल हा तोल सांभाळत दगडधोंड्यांवर चढण्याचा स्वतंत्र खेळ आहे, त्यातल्या बाईकला धड सीटसुद्धा नसते. ऑनलाइन शोधताना दोन्ही एकत्र येतात आणि माणूस भलतंच काहीतरी बघत बसतो.

आपल्याकडे ट्रेल बाईकचा इतिहास छोटा आहे. २०११ मध्ये हिरोने इम्पल्स आणली. १५० सीसी, वजन १३४ किलो, दिसायला एकदम वेगळी. पण त्या काळी लोकांना ती पचली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली आणि चित्र बदललं. आज हौशी रायडर्सच्या कॅम्पमध्ये सर्वात जास्त दिसणाऱ्या गाड्यांपैकी ती एक आहे.

आधी क्लास, मग बाईक

बरेच जण आधी बाईक घेतात आणि मग रेस शोधतात. हे उलटं करा.

भारतात मोटरस्पोर्टचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय करते. तिच्या परवानगीने होणाऱ्या स्पर्धांमध्ये वेगवेगळे क्लास असतात. परदेशी बनावटीच्या बाईक्सचे वेगळे, भारतीय बनावटीच्या वेगळे, एक्स्पर्ट वेगळे, नोव्हिस म्हणजे नवशिके वेगळे. गावोगावच्या डर्ट ट्रॅक रेसमध्ये तर लोकल रायडर्सचा क्लास असतो, कुठे कुठे स्कूटर आणि बुलेटचाही असतो. प्रत्येक स्पर्धेची स्वतःची नियमावली निघते. किती सीसीपर्यंतची बाईक चालेल, इंजिनला हात लावायचा की नाही, टायर कुठले, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

समजा तुम्ही कर्ज काढून चारशे सीसीची बाईक घेतली आणि तुमच्या भागातल्या नवशिक्यांच्या क्लासची मर्यादा २६० सीसी निघाली. मग तुमची पहिलीच रेस थेट अनुभवी रायडर्ससोबत. म्हणून आधी जवळ होणाऱ्या दोन-तीन स्पर्धा बघून या, आयोजकांकडून नियमावली मागा, पॅडॉकमध्ये फिरा. नाशिक परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र होते, पुण्यात सुपरक्रॉसची जुनी परंपरा आहे. तिथे नवशिक्यांच्या क्लासमध्ये कोणत्या गाड्या उभ्या आहेत ते मोजा. दहा यूट्यूब रिव्ह्यूंपेक्षा ती मोजणी जास्त सांगते.

दुसरी गोष्ट, रेसचा प्रकार. सुपरक्रॉसमध्ये एकामागून एक मोठ्या उड्या असतात. रस्त्यावरची ट्रेल बाईक त्यासाठी बनलेली नसते. सपाट डर्ट ट्रॅक, हिल क्लाइंब, रॅली स्प्रिंट किंवा जंगलवाटांवरची एन्ड्युरो हे तिचं खरं मैदान. नव्या माणसाने सुरुवात तिथूनच केलेली बरी.

वजन: शोरूममध्ये न दिसणारा आकडा

आता थोडे आकडे बघू. कावासाकीची केएक्स २५० ही निव्वळ मोटोक्रॉस बाईक साधारण १०८ किलोची. केएलएक्स २३० ही ट्रेल बाईक १३९ किलो. एक्सपल्स २०० फोर-व्ही सुमारे १६० किलो. केटीएम ३९० एन्ड्युरो आर पेट्रोलसकट १७७ किलो. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० घ्या, तर १९६ किलो.

कागदावर १६० आणि १९६ मधला फरक ३६ किलो. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर तो जाणवतही नाही. पण मे महिन्याच्या उन्हात, अंगावर आर्मर आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, उतारावर आडवी पडलेली बाईक सहाव्यांदा उचलताना प्रत्येक किलो जाणवतो. थकलेला रायडर उभा राहून चालवायचं सोडतो, सीटवर बसतो, हात घट्ट आवळतो आणि मग पुन्हा पडतो. रेसमध्ये नवशिके मागे पडतात ते पॉवर कमी म्हणून नाही, तर दम संपतो म्हणून.

त्यामुळे विकत घेण्याआधी एक परीक्षा कराच. ज्याच्याकडे तशी बाईक आहे अशा मित्राला गाठा. इंजिन बंद करून बाईक मातीत हळूच आडवी करा. हॅन्डल पूर्ण वळवा, पाठ ताठ ठेवा, पायांच्या जोरावर उचला. सलग पाच वेळा. पाचव्या वेळी हात थरथरत असतील, तर ती बाईक सध्या तुमच्यासाठी नाही. मग तिची पॉवर कितीही असो. आणि मित्र 'माझी बाईक पाडायची?' म्हणाला, तर त्याने ती अजून मातीत नेलेली नाही हे समजून घ्या.

सस्पेन्शन, चाकं आणि आपली माती

स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात दोन आकडे नीट वाचा. सस्पेन्शन ट्रॅव्हल, म्हणजे चाक किती वरखाली होऊ शकतं. आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या पोटाखाली किती जागा आहे.

एक्सपल्स २०० फोर-व्हीला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, क्लिअरन्स २२० मिलिमीटर. तिच्याच प्रो आवृत्तीला पुढे २५०, मागे २२० आणि क्लिअरन्स २७०. मोटोक्रॉस बाईकला साधारण ३०० च्या आसपास ट्रॅव्हल असतो. ट्रॅव्हल कमी असलेली बाईक मोठ्या उडीनंतर खाली आदळते तेव्हा सस्पेन्शन तळाला टेकतं, आणि तो दणका थेट मनगटात आणि कण्यात येतो.

मग प्रो चांगली का? ट्रॅव्हल वाढला की सीट वर जाते. साध्या आवृत्तीची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, प्रोची ८९१ वर. केएलएक्स २३० ची ८८०. पाच फूट चार इंचाच्या माणसाचे दोन्ही पाय तिथून जमिनीला लागणार नाहीत. अनुभवी रायडरचं एका पायाच्या चवड्यावर भागतं. नवशिक्याचा मात्र चढावर बाईक थांबली की पाय हवेत जातो, आणि पाठोपाठ बाईक जाते. उंची बेताची असेल तर थोडा कमी ट्रॅव्हल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. सीटचा फोम थोडा कमी करून घेणं हाही एक उपाय आहे, पण जमिनीतल्या दगडांपासून वाचवणारा क्लिअरन्स त्याने कमी होत नाही हे महत्त्वाचं.

सस्पेन्शन कंपनीने एका सरासरी वजनासाठी बसवलेलं असतं. तुमचं वजन ५५ किलो असो की ९५, स्प्रिंग तीच. म्हणून तुम्ही आर्मरसकट बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते मोजून घ्या. एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश दबलं तर ठीक. फार दबलं तर स्प्रिंगचा प्रीलोड वाढवायचा. तरीही जमलं नाही तर तुमच्या वजनाची स्प्रिंग टाकायची. ब्रँडेड सायलेन्सरवर खर्च करण्याआधी हे करा. आवाजाने कुणी जिंकत नाही.

चाकं पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची असतील तर उत्तम. मोठं पुढचं चाक दगड आणि खड्ड्यांवरून सहज चढून जातं, आणि या मापात गोटाळे म्हणजे नॉबी टायर सहज मिळतात. रिम तारांचीच हवी, म्हणजे स्पोकची. अलॉय दगडावर आदळली तर तडकते, स्पोकची रिम वाकली तरी ती सरळ करणारा कारागीर तालुक्याला सापडतो.

आता माती. परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. मराठवाडा, विदर्भात आणि सोलापूरच्या पट्ट्यात काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या फटीत गच्च बसते. चाक फिरायचंच थांबतं. चाकाला चिकटून असलेलं खालचं मडगार्ड असेल तर ते काढून वर बसवावं लागतं. कोकण आणि गोव्यात जांभ्याचे बारीक खडे असतात, गोट्यांवर बाईक चालवल्यासारखं वाटतं. तिथे नरम नॉबी टायर आणि कमी हवा लागते. पुण्या-नाशिककडे ट्रॅक बहुतेक मुरमाचे. सकाळी पाणी मारल्यावर पकड मस्त, दुपारी नुसती धूळ. तुम्ही ज्या मातीत सराव करणार आहात, तिच्यानुसार टायर घ्या. मातीत हवा साधारण १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवतात. त्याहून कमी करायची तर रिम लॉक बसवावा लागतो, नाहीतर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व तुटतो.

मग घ्यायची कोणती?

बहुतेक नवशिक्यांसाठी आमचं उत्तर आहे, चांगल्या अवस्थेतली वापरलेली एक्सपल्स २०० फोर-व्ही. १९ पीएसच्या आसपासची पॉवर ऐकायला कमी वाटते. पण मातीत नवीन असताना मागचं चाक सांभाळण्याएवढी ती पुरे आहे. लिव्हर, केबल, मडगार्ड जिल्ह्याच्या गावी मिळतात, आणि तुमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला ती उघडता येते. हिरोने २०२२ मध्ये हौशी रायडर्ससाठी डर्ट बायकिंग चॅलेंज सुरू केलं तेही याच बाईकभोवती.

२०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० जास्त ताकदीची आहे, २४.६ पीएस, लिक्विड-कूल्ड इंजिन. रस्त्यावर ती नक्कीच बरी. पण वजन १७० किलोच्या जवळ गेलंय. आणि पडल्यावर रेडिएटर वाकण्याची भीती आली, जी जुन्या ऑइल-कूल्ड इंजिनला नव्हती. घेतलीत तर रेडिएटर गार्ड पहिल्याच दिवशी.

केएलएक्स २३० ही या यादीतली सर्वात 'खरी' ट्रेल बाईक. हलकी, साधं एअर-कूल्ड इंजिन, भरपूर ट्रॅव्हल. उंची साथ देत असेल आणि जवळच्या शहरात कावासाकीचं सर्व्हिस सेंटर असेल तर जरूर विचार करा. नसेल तर एका क्लच लिव्हरसाठी थांबून राहण्याची तयारी ठेवा. केटीएम ३९० एन्ड्युरो आर मोहात पाडते, पण ४६ पीएस पहिल्या वर्षी हाताळण्यापेक्षा घाबरवतात जास्त. ती दुसरी बाईक म्हणून छान.

आणि आरएक्स १००? हा प्रश्न महाराष्ट्रात येणारच. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक, वजन शंभर किलोच्या आसपास. गावाकडच्या डर्ट ट्रॅकवर तिने पिढ्या घडवल्या, टीव्हीएस-सुझुकीच्या शोगननेही. आजही काही क्लासमध्ये त्या धावतात, आणि चांगल्या ट्यूनरच्या हातातली आरएक्स सरळ रेषेत भल्याभल्यांना मागे टाकते. पण तिचं सस्पेन्शन रस्त्याचं, चेसिस चाळीस वर्षांपूर्वीच्या डिझाइनची, आणि 'रेस बिल्ड' करायला लागणारा पैसा थांबतच नाही. घरात आधीच असेल तर गोष्ट वेगळी. विकत घेऊन सुरुवात करायची नाही.

सेकंडहँड घेताना

विकणारा म्हणेल, 'फक्त शहरात चालवलीय.' खाली वाकून इंजिनच्या पोटाकडे बघा, तिथे खोटं बोलता येत नाही. बॅश प्लेटवर ओरखडे असणं ठीक, इंजिनच्या केसला चीर किंवा वेल्डिंग असेल तर निघा. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा म्हणजे सील गेलेत, हा मोठा खर्च नाही, पण भाव पाडायला कामाचा. बाईक स्टँडवर उभी करून पुढचं चाक वर उचला, हॅन्डल डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेला. मागचं चाक बाजूला हलवून बघा, खडखड झाली तर स्विंगआर्मचं बेअरिंग. चाक फिरवा, रिम आऊट आहे का बघा, प्रत्येक तारेवर पान्याने हलकं टकटक करा. सैल तार वेगळी वाजते.

आणि आरसीवर नाव, चेसिस नंबर, आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा कागद तपासा. बाईक मातीत जाणार म्हणून कागद मातीत घालायचे नाहीत.

इन्शुरन्सचं काय?

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सर्वात महागात पडतो तोच. तुमच्या दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. म्हणजे रेसमध्ये बाईकचं नुकसान झालं तर क्लेम मिळणार नाही. वॉरंटीचंही बहुतेक तेच. स्वतःच्या वैद्यकीय पॉलिसीतही साहसी खेळांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. स्पर्धेचा आयोजक रायडरला अपघात विमा देतो का, किती रकमेचा, हे एंट्री फी भरण्याआधी लेखी विचारा. रुग्णवाहिका आणि डॉक्टर नसलेल्या, कुणाची परवानगी नसलेल्या 'ओपन रेस' गावोगावी होतात. बक्षीस कितीही मोठं असलं तरी तिकडे फिरकू नका. परवानगी असलेल्या स्पर्धेत उतरायला एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स लागतं, आरटीओचं चालत नाही.

रस्त्यावरच्या बाईकमध्ये मनाप्रमाणे बदल करण्यालाही मर्यादा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करून ती रस्त्यावर आणता येत नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावर सरकारी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. रेससाठी आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट काढलेली बाईक ट्रॅकपर्यंत छोट्या टेम्पोतून न्या. मोटोक्रॉस बाईकचं तर पासिंगच होत नाही, तिला कायमच टेम्पो.

सगळे पैसे बाईकवर घालू नका

बजेट दोन लाख असेल तर बाईक सव्वा-दीड लाखाचीच बघा. उरलेल्यात आधी बूट. मातीत सगळ्यात जास्त मार बसतो तो घोट्याला आणि पायाला, आणि ट्रेकिंगचे बूट किंवा पोलिसी बूट त्यासाठी बनलेले नाहीत. मग हनुवटी पुढे आलेलं ऑफ-रोड हेल्मेट, गॉगल, गुडघा-कोपराचं संरक्षण, छाती-पाठीचं आर्मर. आर्मरवर सीई लेव्हल लिहिलेली असते, ती बघून घ्या.

यातूनही थोडे उरले तर दोन दिवसांचं प्रशिक्षण. भारताकडून डकार रॅली पूर्ण करणारा पहिला रायडर सी. एस. संतोष याने कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक डर्टपार्क उभारलाय, महाराष्ट्रातही आता अशा शाळा आहेत. बऱ्याच ठिकाणी बाईक भाड्याने मिळते. म्हणजे विकत घेण्याआधीच दुसऱ्याच्या बाईकवरून पडून बघता येतं. आपल्याला हा खेळ झेपतो की नाही, हे कळण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

बाईक आली, आता?

पहिल्या दिवशी पॉवर वाढवायला जाऊ नका. हॅन्डल आणि लिव्हरचा कोन असा करा की पेगवर उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील. लिव्हरचे बोल्ट किंचित सैल ठेवा, पडल्यावर लिव्हर फिरते, मोडत नाही. हॅन्डगार्ड आणि मजबूत बॅश प्लेट लावा. इंजिन खालच्या वेगात दमत असेल तर पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा. काही शे रुपयांत चढावरचा जोर वाढतो.

रेसच्या सकाळी तपासणी होते. किल स्विच चालतो का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप परत येतो का, लिव्हरची टोकं गोल आहेत का, हॅन्डलची उघडी टोकं बंद केलीत का, साइड स्टँड काढायला सांगितलाय का, हे नियमावलीशी ताडून आदल्या रात्रीच बघा. तिथे सकाळी पाना शोधत फिरणाऱ्यांची संख्या बघून गंमत वाटेल.

आणि एअर फिल्टर. मुरमाच्या ट्रॅकवर एका दिवसात तो धुळीने भरतो. धूळ आत गेली की पिस्टन आणि सिलिंडर घासले जातात, आणि मग इंजिन उघडण्याशिवाय पर्याय नसतो. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवा. कागदाचा असेल तर बदला. रेसवरून आल्यावर बाईक धुण्याआधी हे करायचं, आणि धुताना हवा आत घेणाऱ्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा. तो बोळा काढायला मात्र विसरू नका.